नग की सुटा माल? इंग्लिशमधले काउंटेबल-अनकाउंटेबल शब्द, नाशिकच्या बाजारातून

द्राक्षाच्या दोन सीझनला मी एका पॅकहाऊसमधे डॉक्युमेंटचं काम करायचे, म्हणजे कंटेनर निघायच्या आधी इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोचं (म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचं) सर्टिफिकेट सगळं जमवायचं आणि परदेशातल्या बायरला मेल टाकायचा. एकदा घाईघाईत लिहिलं, "द पेपर इज रेडी." मला म्हणायचं होतं कागदपत्रं तयार आहेत. बायरचं उत्तर आलं की पांढरा चालेल, फक्त फार पातळ नको. मी डोकं खाजवत बसले, कागदपत्रं पातळ कशी असतील? शेवटी पॅकिंगच्या लाइनवरची एक ताई म्हणाली, अहो तो खोक्यात घालायच्या कागदाबद्दल बोलतोय. तेव्हा डोक्यात उजेड पडला. "पेपर्स" म्हणजे कागदपत्रं, "पेपर" म्हणजे नुसता कागद. एक एस खाल्ला आणि दोन दिवस मेलामेली झाली.

त्यानंतर मी हा विषय जरा मनावर घेतला. आता संध्याकाळी घरीच सिडकोतल्या दहा-बारा जणांना शिकवते, त्यातले बरेचसे अंबड-सातपूरला कंपनीत जाणारे, दोघीतिघी गृहिणी. सगळ्यांचं दुखणं एकच, शाळेत व्याख्या पाठ होती पण लिहायला बसलं की हात अडतो. म्हणून जसं त्यांना सांगते तसंच इथे लिहिते.

आधी आपल्या मराठीकडे बघा

बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात गेलात तर दोन प्रकारचा माल दिसतो. नारळ, कोबीचा गड्डा, मक्याचं कणीस हे नगावर. शेंगदाणे, गूळ, मिरच्या हे वजनावर. कोथिंबीर-मेथी जुडीवर. म्हणजे "हे मोजायचं की मापायचं" हे कुणी आपल्याला शिकवावं लागत नाही. मराठी व्याकरणातही हे आहेच की. दूध, साखर, माहिती यांचं अनेकवचन आपण करतच नाही, "मला दोन माहित्या द्या" म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मग घोळ कुठे होतो? दोन ठिकाणी. एक म्हणजे आपलं "किती" सगळीकडे चालतं. किती दूध, किती मुलं, किती त्रास, किती गाड्या. खूप, थोडं, कमी, जास्त यांचंही तेच. इंग्लिशला मात्र प्रत्येक वेळी आधी ठरवायला लागतं की समोरचा शब्द नगातला आहे की सुट्या मालातला.

दुसरं, आणि हे जास्त त्रासदायक, की आपली नगाची पाटी आणि त्यांची नगाची पाटी वेगळी आहे. केस, पैसे, तांदूळ, बातम्या, सल्ले हे मराठीत अनेकवचनी. "केस पांढरे झाले", "पैसे संपले", "तांदूळ निवडले". इंग्लिशमधे हे सगळे सुट्या मालात, एकवचनात. आणि उलटंही होतं. लासलगावला माणूस विचारतो "आज कांदा किती आला?", "कांदे किती आले" असं ट्रॅक्टरवाल्याला कुणी विचारत नाही. कांदा तिथे धान्यासारखा, एकवचनी ढीग. इंग्लिशमधे त्याच ढिगाला "अनियन्स" म्हणायचं, नगात.

हे लक्षात आलं की पुढचं सोपं जातं, कारण मग आपण इंग्लिश चुकत नसतो, आपण आपली पाटी त्यांच्या दुकानावर लावत असतो.

पायरी १: वस्तूकडे बघू नका, शब्दाकडे बघा

शाळेतली व्याख्या आठवते ना, जे मोजता येतं ते काउंटेबल आणि जे मोजता येत नाही ते अनकाउंटेबल. ही व्याख्या पाण्यापर्यंत, दुधापर्यंत ठीक चालते आणि पैशापाशी आल्यावर लंगडते. पैसे मोजता येत नाहीत? आपल्या नाशिकरोडला १९२८ पासून करन्सी नोट प्रेस आहे, तिथे नोटा छापून मोजून बंडलं बांधून बाहेर पडतात. तरी इंग्लिशमधे "मनी" हा शब्द अनकाउंटेबल. का? कारण "नोट" मोजता येते, "कॉइन" मोजता येतं, "रुपी" मोजता येतो, पण "मनी" हा त्या सगळ्याचा मिळून ढीग आहे. वन नोट, टू नोट्स, टेन रुपीज, पण वन मनी टू मनी नाही.

तसंच फर्निचर. खुर्ची मोजता येते, टेबल मोजता येतं, पलंग मोजता येतो, पण "फर्निचर" म्हणजे अख्खा ढीग. म्हणून "फर्निचर्स" नाही. दुकानांच्या बोर्डावर दिसतं ते वेगळं, बोर्ड रंगवणाऱ्याला अक्षरावर पैसे मिळत असतील.

मी याला नगाचा शब्द आणि ढिगाचा शब्द म्हणते. आणि यांच्या जोड्या असतात. या जोड्या नीट बघा कारण अर्धं काम इथेच होतं.

लगेज हा ढीग, बॅग हा नग. नाशिकरोड स्टेशनला उतरलात आणि कुणाला सांगायचंय की माझ्याकडे सामानाचे तीन डाग आहेत, तर "थ्री लगेजेस" नाही, "थ्री बॅग्ज". ट्रॅफिक हा ढीग, व्हेइकल हा नग. द्वारका चौकात अडकलात तर "टू मच ट्रॅफिक" किंवा "टू मेनी व्हेइकल्स", दोन्ही बरोबर, पण "टू मेनी ट्रॅफिक" नाही. सराफ बाजारात गेलात तर ज्वेलरी हा ढीग, रिंग, नेकलेस, बँगल हे नग. कंपनीत मशिनरी हा ढीग, मशीन हा नग, इक्विपमेंट हा ढीग, टूल हा नग. "मशिनरीज" आणि "इक्विपमेंट्स" हे दोन शब्द एमआयडीसीच्या मेलमधे इतके फिरतात की मला वाटतं तिथल्या पाण्यातच आहेत.

इन्फॉर्मेशन हा ढीग, डीटेल हा नग. अ‍ॅडव्हाइस हा ढीग, सजेशन किंवा टिप हा नग. वर्क हा ढीग, जॉब किंवा टास्क हा नग. होमवर्क हा ढीग, असाइनमेंट हा नग. ट्रॅव्हल हा ढीग, ट्रिप हा नग. सॉफ्टवेअर हा ढीग, प्रोग्रॅम किंवा अ‍ॅप हा नग. मेल हा जुना शब्द ढीग आहे पण ईमेल हा नग झालाय, "आय गॉट टेन ईमेल्स" बिनधास्त म्हणा.

आणि एक जोडी मला फार आवडते. पोएट्री हा ढीग आणि पोएम हा नग. मराठीत दोन्हीला आपण कविताच म्हणतो. "कुसुमाग्रजांची कविता मला आवडते" या वाक्यात एक कविता की सगळी कविता, हे पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही. इंग्लिशमधे पहिल्याच शब्दात ठरतं.

तर पायरी एवढीच, की शब्द वापरताना मनात विचारा, हा नग आहे की ढीग? आणि ढीग असेल तर त्यातला नग कुठला? नग सापडला की बहुतेक वेळा वाक्य सुटतं.

पायरी २: कळत नसेल तर डिक्शनरी, पण नीट उघडा

आपण डिक्शनरीत फक्त अर्थ बघतो आणि मिटून टाकतो. ऑक्सफर्ड लर्नर्स किंवा केंब्रिज यांची शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, तिथे शब्दाखाली प्रत्येक अर्थाच्या आधी काउंटेबल-अनकाउंटेबल लिहिलेलं असतं, कधी पूर्ण शब्दात तर कधी नुसतं सी आणि यू असं एकेक अक्षर. सी म्हणजे नग, यू म्हणजे ढीग. प्रत्येक अर्थाच्या आधी, हे महत्त्वाचं, कारण एकाच शब्दाचा एक अर्थ सी आणि दुसरा यू असतो, ते पुढे येतंय. वहीत नवीन शब्द लिहिताना शेजारी सी किंवा यू टाकायची सवय लावा.

पायरी ३: एकटा नग उघडा फिरत नाही

माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि याच्याकडे कुणी बघत नाही, सगळे मच-मेनीच्या मागे.

मराठीत "माझ्याकडे गाडी आहे" पुरेसं आहे. म्हणून आपण लिहितो "आय हॅव कार." इंग्लिश कानाला हे अर्धवट लागतं. नियम असा, की नगाचा शब्द एकवचनात असेल तर त्याच्या आधी काहीतरी पाहिजेच. अ, अ‍ॅन, द, माय, युवर, धिस, दॅट, वन, एव्हरी, काहीही चालेल, पण मोकळं नाही सोडायचं. आय हॅव अ कार. धिस इज माय कार. आणि अनेकवचन झालं की मोकळं फिरू शकतं, "आय लाइक कार्स."

ढिगाच्या शब्दाचं उलट. त्याला अ किंवा अ‍ॅन कधी लागत नाही, आणि तो एकवचनात मोकळा फिरतो. "वी नीड इन्फॉर्मेशन" बरोबर, "वी नीड अ‍ॅन इन्फॉर्मेशन" चूक. लावायचंच असेल तर "सम" लावा, सम इन्फॉर्मेशन, सम अ‍ॅडव्हाइस, सम हेल्प. "द" मात्र दोन्हींना चालतो.

माझ्याकडे एक दादा येतात, सातपूरला मेंटेनन्सला आहेत, त्यांनी एक युक्ती काढली. मेल लिहून झाला की ते फक्त एकवचनी नगांवर बोट ठेवत जातात, मशीन, बेअरिंग, व्हॉल्व्ह, रिपोर्ट, आणि प्रत्येकाच्या डाव्या बाजूला टोपी आहे का बघतात. टोपी म्हणजे अ किंवा द किंवा माय. दोन मिनिटांचं काम आहे. आता त्यांच्या मेलमधे टोपीची चूक क्वचितच सापडते, स्पेलिंगच्या सापडतात पण तो वेगळा विषय.

पायरी ४: किती, थोडं, खूप, कमी

नगाला मेनी, ढिगाला मच. हाऊ मेनी क्रेट्स, हाऊ मच टाइम. साध्या होकारार्थी वाक्यात मच जरा पुस्तकी वाटतो, "आय हॅव मच वर्क" असं बोलत नाहीत, तिथे "अ लॉट ऑफ" वापरा. आणि "अ लॉट ऑफ" हा दोन्हीकडे चालणारा शब्द आहे, अ लॉट ऑफ पीपल, अ लॉट ऑफ वॉटर. सम, एनी, प्लेंटी ऑफ, इनफ, मोअर हेही दोन्हीकडे चालतात. मुलाखतीत घाम फुटला की यांच्यापैकी एक पकडा आणि पुढे चला.

थोडं म्हणायचं तर नगाला "अ फ्यू", ढिगाला "अ लिटल". इथे एक छोटा खड्डा आहे. त्यातला तो "अ" काढला तर अर्थ उलटा होतो. "आय हॅव अ लिटल टाइम" म्हणजे थोडा वेळ आहे, बोल. "आय हॅव लिटल टाइम" म्हणजे वेळच नाहीये फारसा, नंतर ये. आपल्याकडे हा फरक "च"ने होतो, थोडा वेळ आहे आणि थोडाच वेळ आहे. अ फ्यू आणि फ्यूचंही हेच.

कमी म्हणायचं तर नगाला "फ्यूअर", ढिगाला "लेस". फ्यूअर बॉक्सेस, लेस वॉटर. पण खरं सांगायचं तर इंग्लिश लोकच बोलताना नगालाही लेस सर्रास वापरतात. तिकडे सुपरमार्केटच्या काउंटरवर "टेन आयटम्स ऑर लेस" अशी पाटी असायची आणि व्याकरणवाले त्यावरून चिडायचे, शेवटी टेस्को नावाच्या साखळीने २००८ मधे पाटीवर "अप टु टेन आयटम्स" करून वादच मिटवला. तुम्ही लिहिताना फ्यूअर लिहा, बोलताना लेस निघालं तर जीव जाणार नाही.

अंतर, वेळ, रक्कम यांना मात्र लेसच लागतो, जरी आकडा असला तरी. लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स, लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज. कारण तिथे पाच वेगवेगळे किलोमीटर कुणी मोजत नाही, सीबीएसच्या बसस्टँडपासून पंचवटीपर्यंतचा एक अख्खा तुकडा डोळ्यासमोर असतो. म्हणूनच "फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ", आर नाही.

नंबर ऑफ आणि अमाउंट ऑफ हे त्याच हिशोबात बसवा, अ लार्ज नंबर ऑफ बॉटल्स, अ लार्ज अमाउंट ऑफ वाइन.

पायरी ५: क्रियापद

ढीग कितीही मोठा असो, क्रियापद एकवचनी. द फर्निचर इज ओल्ड. द लगेज इज हेवी. हर हेअर इज लाँग, "आर लाँग" नाही, इथे मराठी केस हमखास आडवे येतात. द मनी इज इन द बँक, इथे पैसे आडवे येतात. न्यूज तर फसवाच, शेवटी एस असून एकवचनी आणि ढिगातला, द न्यूज इज गुड. मॅथमॅटिक्स, फिजिक्स, डायबिटीस हेही तसेच, एस दिसला की अनेकवचन समजू नका.

पायरी ६: ढिगातून नग काढायचा असेल तर भांडं लागतं

आपण काय करतो? पाण्याचा तांब्या, तुपाची वाटी, कोथिंबिरीची जुडी, द्राक्षाचा घड, लसणाची पाकळी. अगदी तेच इंग्लिशमधे. अ ग्लास ऑफ वॉटर, अ बंच ऑफ कोरिअँडर, अ क्लोव्ह ऑफ गार्लिक, अ बार ऑफ सोप, अ ग्रेन ऑफ राइस, अ स्लाइस ऑफ ब्रेड. भांड्याचं अनेकवचन करायचं, आतल्या मालाचं नाही, टू ग्लासेस ऑफ वॉटर.

ब्रेडचं जरा थांबून बघू. किराणा दुकानात आपण "एक ब्रेड द्या" म्हणतो आणि पुडा मिळतो. इंग्लिशमधे ब्रेड हा ढीग, अख्खा तो "अ लोफ ऑफ ब्रेड" आणि त्यातला एक काप "अ स्लाइस ऑफ ब्रेड". आपला पाव मात्र नग, त्याची लादी असते, लादीतले चार तोडून द्या म्हणतो. म्हणजे एकाच बेकरीत एकाच काउंटरवर पाव नग आणि ब्रेड ढीग.

ज्यांना भांडं नाही, म्हणजे सल्ला, माहिती, बातमी वगैरे, त्यांच्यासाठी इंग्लिशने एक सरसकट भांडं ठेवलंय, "पीस". अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस, अ पीस ऑफ इन्फॉर्मेशन, अ पीस ऑफ न्यूज, थ्री पीसेस ऑफ फर्निचर, टू पीसेस ऑफ लगेज. सल्ल्याचा तुकडा हे मराठीत ऐकायला विचित्र वाटतं खरं, पण तिकडे रोजचं आहे. बोलताना "अ बिट ऑफ अ‍ॅडव्हाइस" जास्त चालतं.

पायरी ७: दोन्ही पाट्यांवर बसणारे शब्द

इथे खरी मजा आहे आणि इथेच माझा पेपर फसला होता.

मिसळ घ्या. मिसळीसोबत चिरलेला कांदा येतो, संपला की आपण "अजून कांदा द्या" म्हणतो. तो चिरलेला कांदा इंग्लिशमधे "सम मोअर अनियन", एकवचन, ढीग, कारण चिरल्यावर त्यातला नग संपला. बाजारातून दोन कांदे आणले ते "टू अनियन्स". म्हणजे विळी फिरली की नगाचा ढीग होतो. चिकनचंही तसंच, "अ चिकन" म्हणजे अंगणात फिरणारी कोंबडी, "सम चिकन" म्हणजे ताटातलं. कुणाला जेवायला बोलावून "आय एट अ चिकन" म्हणालात तर अख्खी संपवली असा अर्थ निघतो.

हेअर ढीग आहे हे वर सांगितलं, पण मिसळीत एखादा सापडला तर तो एकटा पडलेला केस नग होतो, "देअर इज अ हेअर इन माय मिसळ." दोन सापडले तर टू हेअर्स, आणि हॉटेल बदला.

चहा-कॉफी ढीग, पण टपरीवर "दोन कॉफी" म्हणतो तसं तिकडेही "टू कॉफीज, प्लीज" चालतं, कप गृहीत. वाइन ढीग, पण नाशिकच्या वाइनरीत टेस्टिंगला गेलात तर तिथे "फाइव्ह वाइन्स" म्हणजे पाच प्रकारच्या. फ्रूटचं तसंच, नुसतं फळं खा म्हणायचं तर "ईट मोअर फ्रूट", वेगवेगळ्या जातीची फळं म्हणायची तर फ्रूट्स.

ग्लास म्हणजे काच ढीग, अ ग्लास म्हणजे पेला. आयर्न म्हणजे लोखंड ढीग, अ‍ॅन आयर्न म्हणजे इस्त्री. लाइट म्हणजे उजेड, अ लाइट म्हणजे दिवा. रूम म्हणजे जागा, "नो रूम इन द बस", अ रूम म्हणजे खोली. टाइम म्हणजे वेळ, थ्री टाइम्स म्हणजे तीनदा. चेंज म्हणजे सुट्टे पैसे, अ चेंज म्हणजे बदल. सुट्टे हा शब्दच बघा ना, तो आपोआप सुट्या मालात जाऊन बसलाय. एक्स्पीरिअन्स म्हणजे नोकरीतला अनुभव, तो ढीग, "फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरिअन्स", आणि अ‍ॅन एक्स्पीरिअन्स म्हणजे आयुष्यात घडलेला एखादा प्रसंग. बायोडेटात "एक्स्पीरिअन्सेस" लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल आता गोष्टी सांगणार.

रेन म्हणजे पाऊस, ढीग. पण अवकाळीची बातमी असते तेव्हा "अनसीझनल रेन्स" लिहितात, तिथे रेन्स म्हणजे पावसाचा तो सगळा काळ, सरीवर सरी. द्राक्षवाल्याच्या घरी दोन्ही शब्द सारखेच कडू.

अ‍ॅडव्हाइसचा पण एक अपवाद आहे, बँकेत आणि एक्सपोर्टमधे "पेमेंट अ‍ॅडव्हाइस" नावाचा कागद असतो, तो कागद असल्यामुळे नग, त्याचं अ‍ॅडव्हाइसेस झालेलं चालतं. माणसाने दिलेला सल्ला मात्र नाही.

आता कंपनीवाल्यांसाठी खास, लीव्ह. रजा या अर्थाने लीव्ह हा ढीग. "आय नीड थ्री लीव्ह्ज" लिहिलंत तर त्याचा अर्थ मला तीन पानं हवीत, विड्याची की झाडाची ते साहेबांनी ठरवावं. लिहायचं "थ्री डेज ऑफ लीव्ह". ट्रेनिंगचं तसंच, टू ट्रेनिंग्ज नाही, टू ट्रेनिंग सेशन्स. फीडबॅक, स्टेशनरी, रिसर्च, एव्हिडन्स, नॉलेज, प्रोग्रेस यांना एस लावू नका म्हणजे झालं.

उरलंसुरलं पटकन

सिझर्स, ट्राउझर्स, ग्लासेस म्हणजे चष्मा, हे कायम अनेकवचनी, एक हवं तर अ पेअर ऑफ. क्लोद्जही कायम अनेकवचनी, पण त्याला पेअर लागत नाही, एक कपडा म्हणायचा तर सरळ शर्ट, साडी जे असेल ते सांगा. पीपल, पोलीस, कॅटल दिसायला एकवचनी पण क्रियापद आर, "द पोलीस आर हिअर". डेटाला इज पण चालतं आणि आर पण, रोजच्या लिखाणात इज लिहा. स्टाफ हा अख्खा गट, दोन माणसं सांगायची तर टू स्टाफ मेंबर्स.

सराव कसा करायचा

पुस्तकातल्या गाळलेल्या जागा भरून काही होत नाही असं माझं मत. त्यापेक्षा आठवड्याच्या बाजाराची यादी इंग्लिशमधे करा, पानाच्या मधे रेघ मारून, डावीकडे नग, उजवीकडे ढीग. पहिल्याच यादीत मजा कळते. कांदा डावीकडे, लसूण उजवीकडे, दोघं एकाच टोपलीतले असून. मिरची डावीकडे, आलं उजवीकडे. शेंगदाणे डावीकडे, तांदूळ उजवीकडे. मसूर म्हणजे लेंटिल्स डावीकडे, गहू म्हणजे व्हीट उजवीकडे, आणि ओट्स परत डावीकडे, तेही कायम अनेकवचनात. बटाटा डावीकडे, पालक उजवीकडे. द्राक्षं डावीकडे, बेदाणे डावीकडे, गूळ उजवीकडे. यात दाण्याच्या आकाराचा थोडाफार हिशोब आहे, फार बारीक आणि मुठीने घ्यायचं ते ढिगात जातं, पण लसूण आणि ओट्स तो हिशोब मोडतात, त्यामुळे शेवटी पाठच करायचं. चार-पाच आठवडे यादी केली की हात आपोआप योग्य बाजूला जातो.

जाता जाता ही सहा वाक्यं दुरुस्त करून बघा, सगळी माझ्या बॅचमधल्या वह्यांतली आहेत.

"प्लीज सेंड मी द इन्फॉर्मेशन्स." "हाऊ मच बॉक्सेस आर रेडी?" "माय हेअर्स आर फॉलिंग." "ही गेव्ह मी अ गुड अ‍ॅडव्हाइस." "आय बॉट न्यू फर्निचर्स अँड मिक्सर." "देअर इज मेनी ट्रॅफिक अ‍ॅट द्वारका."

उत्तरं: इन्फॉर्मेशनचा एस काढा. मचच्या जागी मेनी. माय हेअर इज फॉलिंग आउट. अ काढून सम गुड अ‍ॅडव्हाइस किंवा अ गुड पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस. पाचव्यात दोन चुका आहेत, फर्निचर्सचा एस सगळ्यांना सापडतो आणि उघड्या मिक्सरला अ ची टोपी घालायची राहते, गेल्या बॅचमधे अकरापैकी नऊ जणांची राहिली. सहाव्यात मेनीच्या जागी अ लॉट ऑफ, आणि ते वाक्य लिहिणाऱ्या ताई त्या दिवशी ट्रॅफिकमुळेच वीस मिनिटं उशिरा आल्या होत्या.